सर्व्हर ‘२१’ म्हणतो तेव्हा चूक कुठं शोधायची? डिरेक्टरी सर्व्हिसमधल्या स्कीमा एरर

शाळा, पतसंस्था, छोटा दवाखाना अशा ठिकाणी डिरेक्टरी सर्व्हर बसवून द्यायचं काम कसं मिळवायचं, ते मागच्या व्हिडिओत पाहिलं. काम मिळाल्यावर गाडी जिथं हमखास अडते तो भाग आज लिहूनच देतो. व्हिडिओत एररचे आकडे भराभर निघून जातात.

मागचा भाग पाहिला नसेल तर एवढंच लक्षात घ्या. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे संस्थेतल्या माणसांची एकच सामायिक नोंदवही. लॉगिन कोणाचं, पासवर्ड बरोबर आहे का, माणूस कुठल्या शाखेचा, हे सगळे कॉम्प्युटर तिलाच विचारतात. आणि स्कीमा म्हणजे त्या वहीचे छापील रकाने. कुठल्या रकान्यात काय चालतं, कुठला रिकामा सोडता येत नाही, हे स्कीमा ठरवते. रकानाच चुकीचा छापला असेल तर तुम्ही कितीही सुवाच्य लिहा, सर्व्हर नोंद घेत नाही.

आता माझी फजिती सांगतो. औंधपासून तासाभरावर एक शिक्षणसंस्था आहे, तीन शाखांची. तिथं मी ओपनएलडॅप बसवला. शिक्षकांच्या नोंदीत शालार्थ आयडी आणि मुलांच्या नोंदीत जनरल रजिस्टर नंबर हवा होता. असे रकाने तयार स्कीमात मिळत नाहीत, ते आपण घालायचे असतात. मी सर्व्हर उभा करतानाच इनेटऑर्गपर्सनची तयार फाइल उघडली, तिच्यात आपले दोन रकाने घुसवले आणि मोकळा झालो. अर्ध्या तासाचं काम. स्वतःवरच खूश होतो.

दोन वर्षांनी जूनमध्ये, ऐन ॲडमिशनच्या गर्दीत, सर्व्हरची डिस्क गेली. मी निवांत होतो, कारण रोज रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर पडत होता. नवं मशीन घेतलं, ओपनएलडॅप टाकला, बॅकअप भरायला घेतला. पहिल्याच शिक्षकाच्या नोंदीवर अडला: ॲट्रिब्यूट टाइप अनडिफाइन्ड. बॅकअपमध्ये माणसं होती, पण रकाने कसे छापले होते ते नव्हतं. ते मेलेल्या डिस्कबरोबर गेलं. ऑफिसात क्लार्क हात बांधून बसलेले, बाहेर पालकांची रांग.

इथून शिकायचा पहिला मुद्दा: एररचा नंबर बघून लगेच गूगलवर पळू नका. ओपनएलडॅप नंबरच्या खाली ‘ॲडिशनल इन्फो’ म्हणून आणखी एक ओळ देतो. खरं कारण त्या ओळीत असतं.

१७ आला, म्हणजे या नावाचा रकानाच सर्व्हरला माहीत नाही. एकतर स्पेलिंग चुकलंय, नाहीतर तुमची स्कीमा फाइल लोडच झालेली नाही. माझं हेच झालं होतं.

६५ वेगळा. रकाना माहीत आहे, पण या प्रकारच्या नोंदीत तो चालत नाही, किंवा सक्तीचा रकाना राहिलाय. आपल्याकडं हा एरर फार येतो, कारण इनेटऑर्गपर्सनला आडनाव सक्तीचं आहे आणि शाळेच्या एक्सेलमध्ये आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं सगळं एकाच कॉलममध्ये कोंबलेलं असतं. तो कॉलम फोडताना कुणाचं तरी आडनाव गळतं. यात एक गंमत आहे. आडनावाची ओळच नसेल तर ६५ येतो. ओळ आहे पण पुढं काहीच लिहिलेलं नाही, तर २१ येतो. चूक एकच, आकडे दोन.

६५ चं आणखी एक रूप म्हणजे ‘इनव्हॅलिड स्ट्रक्चरल ऑब्जेक्ट क्लास चेन’. नाव भारदस्त, गोष्ट साधी. माणसाचं नाव एका वेळी एकाच रेशनकार्डावर असतं, पण भिशी, बचतगट, गणेश मंडळ यात तो कितीही ठिकाणी सभासद होऊ शकतो. स्ट्रक्चरल क्लास म्हणजे रेशनकार्ड, ऑक्झिलरी क्लास म्हणजे मंडळ. ‘इनेटऑर्गपर्सन’ आणि ‘अकाउंट’ ही दोन वेगळी रेशनकार्डं आहेत, एका माणसाला दोन्ही लावली की सर्व्हर हरकत घेतो. म्हणून आपले जादा रकाने नेहमी ऑक्झिलरी क्लास करून द्यायचे. मूळ नोंदीला हात लागत नाही.

नेटवर तुम्हाला एक शॉर्टकट सापडेल: नोंदीला ‘एक्स्टेन्सिबल ऑब्जेक्ट’ लावा, कुठलाही रकाना कुठंही चालेल. खरंच चालतो. ६५ गप्प बसतो. मग वर्षभरानं शिपायाच्या नोंदीत रजिस्टर नंबर आणि विद्यार्थ्याच्या नोंदीत शालार्थ आयडी सापडतो, आणि निस्तरायला तुम्हालाच बोलावतात. माझ्या मते गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर हे कधीच करू नये.

आता २१. याचा अर्थ रकान्यात लिहिलेली किंमत त्या रकान्याच्या नियमात बसत नाही. नाव, आडनाव, पत्ता हे रकाने मराठी खुशाल घेतात, काळजी नको. फोन नंबरचा रकाना मात्र देवनागरी आकडे घेत नाही. क्लार्कनं मराठी कीबोर्डवर मोबाइल नंबर टाइप केला की २१ आलाच. ईमेलच्या रकान्यातही देवनागरी चालत नाही. जाता जाता: बॅकअपची फाइल उघडली की मराठी नावांच्या जागी दोन कोलन आणि अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. ते खराब झालेलं नसतं, बेस सिक्स्टीफोर असतं. गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरून फोन करतात.

पण २१ चा एक प्रकार चकवा आहे. खालच्या ओळीत ‘ऑब्जेक्टक्लास: व्हॅल्यू नंबर १ इनव्हॅलिड पर सिंटॅक्स’ असं येतं. आपण स्वल्पविराम, स्पेस, अक्षरं तपासत बसतो. मी पूर्ण दुपार घालवलीय यात. लिहिण्यात काहीच चुकलेलं नसतं. तुम्ही लिहिलेला तो क्लासच सर्व्हरला माहीत नसतो. स्कीमा फाइल लोड करायची राहिली किंवा क्लासचं नाव चुकलं. आणि मोजणी शून्यापासून असते, तेव्हा नंबर १ म्हणजे वरून दुसरी ओळ.

स्कीमा फाइल चढवतानाच एरर आला तर तो बहुतेक ८० असतो. ८० म्हणजे ‘इतर’, म्हणून आकड्याला अर्थ नाही, सगळा जीव खालच्या ओळीत. ‘ॲट्रिब्यूटटाइप नॉट फाउंड’ आणि पुढं ‘ऑडिओ’ असं दिसलं, तर तुम्ही कोसाइनच्या आधी इनेटऑर्गपर्सन चढवताय. पाया आधी, भिंत नंतर. तुमच्या स्वतःच्या फाइलमध्येही रकाने आधी आणि ते वापरणारा क्लास नंतर. ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ आला तर मोडलेल्या ओळी बघा: एलडीआयएफमध्ये पुढची ओळ स्पेसनं सुरू होते आणि ती एक स्पेस सर्व्हर गिळतो, म्हणून दोन द्या, नाहीतर दोन शब्द एकमेकांना चिकटतात. ‘डुप्लिकेट ॲट्रिब्यूटटाइप’ आला तर तीच फाइल दुसऱ्यांदा चढवताय, किंवा तुमचा ओआयडी आधीच कुणाचातरी आहे.

ओआयडी म्हणजे प्रत्येक रकान्याचा जगात एकच असलेला नंबर. आपल्या सातबाऱ्यासारखं समजा. गट नंबर १२० गावोगाव असतो, पण जिल्हा सातारा, तालुका खटाव, गाव औंध, गट १२० म्हटलं की जमीन एकच. ओआयडीत १.३.६.१.४.१ इथपर्यंत जिल्हा-तालुका झाला, त्यापुढचा आकडा तुमच्या गावाचा. तो आयाना ही संस्था अर्ज केल्यावर फुकट देते. एक नंबर तुमच्या धंद्याच्या नावावर घ्या, सगळ्या गिऱ्हाइकांचे रकाने त्याखाली क्रमानं वाढवा. पुस्तकातल्या उदाहरणांसाठी ३२४७३ हा आकडा राखून ठेवलाय. सरावाला तो चालेल, गिऱ्हाइकाकडं नाही. मी त्या वेळी कुठल्यातरी लेखातला नंबर तसाच उचलला होता.

तर त्या जूनमध्ये मी रकान्यांची व्याख्या आठवून आठवून नव्यानं लिहिली. दोन दिवस गेले. डेटा भरला, लॉगिन चालू झाले, सुटलो म्हणालो. संध्याकाळी ऑफिसातून फोन: रजिस्टर नंबर टाकून शोधलं की काहीच येत नाही. एररसुद्धा नाही. व्याख्येत ‘इक्वॅलिटी’चा नियम लिहायचा राहिला होता. तो नसला तर सर्व्हर किंमत साठवतो, पण दोन किंमती सारख्या आहेत का हे त्याला ठरवता येत नाही. सगळ्यात वाईट एरर हीच, जी दिसतच नाही. म्हणून नवा रकाना केला की एक खोटी नोंद भरायची, शोधायची, बदलायची, पुसायची, मगच सही घ्यायची. ‘सिंगल व्हॅल्यू’ लिहिताना पण थांबा. पालकांचा मोबाइल एकच असेल असं धरलं आणि आईचा नंबर घालायला गेलं की १९ येतो.

तयार स्कीमा फाइलला मी आता हात लावत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाची स्वतंत्र फाइल. रात्रीच्या बॅकअपला स्लॅपकॅट दोनदा चालतो, एकदा साधा आणि एकदा ‘-एन ०’ देऊन. त्या शून्यातच सर्व्हरची रचना आणि स्कीमा असते. साधा स्लॅपकॅट ती घेत नाही. स्कीमाची एक छापील प्रत संस्थेच्या फायलीत, एक दुकानात. विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर काम असेल तर आणखी जपून: तिथं एकदा घातलेला रकाना काढता येत नाही, फक्त निष्क्रिय करता येतो.

कोटेशनमध्येही बदल केला. ‘स्कीमा आखणी आणि चाचणी’ ही ओळ वेगळी लावतो, एक दिवसाची मजुरी धरून. घासाघीस होते, पण ती ओळ मी काढत नाही. त्या दोन दिवसांचं बिल मी संस्थेला लावलं नाही. त्यांनी देखभालीचा करार चालू ठेवला, चौथ्या शाखेचं काम मात्र दुसऱ्याला दिलं.