धुतलेल्या भांड्यातील न धुतलेला थर

पाण्याचे पिंप आठवड्याने रिकामे करावे आणि आतून बोट फिरवून पाहावे. पाणी निवळ होते, पिंप झाकलेले होते. तरीही बोटाला बुळबुळीतपणा लागतो. हा नुसता मळ नव्हे. ही असंख्य जीवाणूंची नांदती वस्ती होय. शास्त्रात तिला बायोफिल्म म्हणतात. या लेखात आपण तिला जीवाणूंचा थर म्हणू.

ही वस्ती बसते कशी? पाण्यात अगर दुधात मोकळे तरंगणारे काही जीवाणू पृष्ठभागाला टेकतात. आरंभी त्यांची पकड सैल असते. पुढे ते शर्करामय पदार्थ व प्रथिने यांचा चिकट लगदा बाहेर टाकून त्यात स्वतःला लपेटून घेतात. थर वाढला म्हणजे त्यातील जीवाणू सुटून पुढच्या मालात मिसळतात. म्हणजे आज शुद्ध केलेले दूध उद्या त्याच नळीतून जाताना पुन्हा दूषित होऊ शकते.

डच संशोधक लेव्हेनहूक याने १६८४ च्या सुमारास दातांवरील किटणात असे जीव पाहिले होते. व्हिनेगरने बाहेरचे जीव मेले, आतले मात्र वाचले, असे त्याला आढळले. आजच्या कारखान्यांची अडचण नेमकी हीच आहे. क्लोरीनसारखे जंतुनाशक वरच्या थरावर व उरल्यासुरल्या अन्नकणांवरच खर्ची पडते. शिवाय तळाच्या जीवाणूंना अन्न कमी मिळते, म्हणून त्यांची वाढ मंद असते. अशा मंद जीवाणूंवर पुष्कळ औषधांचा परिणामही कमी होतो.

याची किंमत केवढी पडते, हे कॅनडात २००८ साली दिसले. कारखान्यात कापून बांधलेले तयार मांस खाऊन ५७ जणांना लिस्टेरिया जीवाणूची बाधा झाली. त्यांतील वीसांहून अधिक दगावले. यंत्रांची सफाई होत नव्हती असे नव्हे. काप करणाऱ्या यंत्रांच्या पोटात, जेथे सफाई पोचत नव्हती, तेथे जीवाणूंनी ठाण मांडले असावे, असे तपासात दिसून आले. लिस्टेरिया शीतकपाटातही वाढतो, आणि गर्भवती स्त्रिया, नवजात बालके व वृद्ध यांना तो विशेष घातक असतो.

मग उपाय कोणता? उपायात क्रमाला महत्त्व आहे.

(१) प्रथम कोमट पाण्याने खळबळावे. एकदम कढत पाणी घातल्यास दुधातील प्रथिने भांड्यालाच चिकटून बसतात.

(२) नंतर धुण्याचे क्षारयुक्त द्रावण वापरावे. दुग्धालयात सामान्यतः सुमारे एक टक्का कॉस्टिक सोडा ७० ते ८० अंश सेल्सिअस उष्णतेवर नळ्यांतून वेगाने फिरवितात. त्याने स्निग्धांश व प्रथिने सुटतात. जेथे हात पोचतो तेथे ब्रशने घासणे अवश्य आहे.

(३) पाण्याने धुऊन, ठराविक दिवसांनी सौम्य आम्लाचे द्रावण फिरवावे. त्याने दुधातील खनिजांचे कीट निघते.

(४) पुन्हा धुऊन, शेवटी जंतुनाशक लावावे व सांगितला तितका वेळ राहू द्यावे. मळावर जंतुनाशक ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

क्लोरीनचे द्रावण आणि आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

(५) यंत्र खोलून सुटे भाग धुवावे व पूर्ण वाळवावे. रबरी कडी, नळीचा बंद फाटा, पात्याचा सांधा आणि मोरी ही या थराची आवडती ठिकाणे. मोरीत पाण्याचा जोरकस फवारा मारू नये. उडालेले तुषार जंतूंना मालापर्यंत नेतात.

आपल्यातील दूध, बेकरी वा लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंनी ही पद्धत जरूर अंगीकारावी. घरात कॉस्टिक सोड्याचे कारण नाही. साबण, ब्रश, गरम पाणी व ऊन एवढे पुरे. डब्याच्या झाकणातील रबर काढून धुवावे, चिरा पडलेली भाजीची फळी बदलावी, पिंप नुसते विसळू नये, घासून वाळवावे. समारंभाच्या जेवणावळीसाठी कोठीतून काढलेली मोठी भांडी वापरण्यापूर्वी पुन्हा घासावीत, कारण पंगतीत गर्भवती सुनाही बसतात आणि आजेआजोबाही.

विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो : स्वच्छ दिसणे निराळे, स्वच्छ असणे निराळे. डोळ्यांनी पाहावे, पण बोट फिरवूनही पाहावे.