गोळी घेऊनही मध्यरात्री जाग का येते?

झोप लागणे आणि लागलेली झोप टिकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळांची फसगत होते. बँकेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनधारकांची गर्दी असते. त्यांच्या आपसातल्या बोलण्यात एक तक्रार हमखास कानावर येते. "गोळी घेतली की दहाला झोप लागते हो, पण दोनला टक्क जागा होतो. मग उजाडेपर्यंत नुसती कूस बदलायची." पुढचे वाक्यही ठरलेले असते. "आता गोळी वाढवून घ्यायला पाहिजे." काही जण तर डॉक्टरांपर्यंतही जात नाहीत. रात्री आपल्याच हाताने आणखी अर्धी गोळी घेऊन मोकळे होतात.

ही तक्रार केवळ वृद्धांची नाही. पाळीने काम करणारे कामगार, घर आणि नोकरी अशी दुहेरी कसरत करणाऱ्या भगिनी, परीक्षेच्या काळजीने ग्रासलेले विद्यार्थी, सर्वांमध्ये ती आढळते. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. वाचून व जाणकारांना विचारून जे समजले ते सोप्या भाषेत सभासदांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच राहील.

१. रात्रीच्या झोपेची रचना

दिवा मालवावा आणि सकाळी लावावा, अशी झोप एकसलग नसते. ती चक्रांनी बनलेली असते. एक चक्र सुमारे ९० मिनिटांचे असते व रात्रभरात अशी चार ते सहा चक्रे होतात. प्रत्येक चक्रात उथळ झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप असे टप्पे येतात. स्वप्नांच्या झोपेत बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात, ही गोष्ट शिकागो विद्यापीठातील यूजीन असेरिन्स्की व नेथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून झोपेच्या आधुनिक अभ्यासाला वेग आला.

गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात मिळतो. उत्तरार्धात झोप उथळ होत जाते व स्वप्ने वाढतात. एक चक्र संपून दुसरे सुरू होताना निरोगी माणसालाही क्षणभर जाग येते, पण ती सकाळी आठवत नाही. म्हणजे जाग येणे हा मुळात दोष नाही. आल्यानंतर पुन्हा डोळा न लागणे, हा खरा प्रश्न आहे.

असे का होते? अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये झोपेमागील दोन शक्तींची मांडणी केली. पहिली शक्ती म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे राहतो तितकी ती साठत जाते. अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य मेंदूत वाढत जाणे, हे तिचे एक प्रमुख कारण मानले जाते. दुसरी शक्ती म्हणजे शरीरातील घड्याळ, जे उजेड-अंधारावर चालते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दिवसभर आपण झोपेच्या खात्यात जमा करतो आणि झोप लागताच त्यातून खर्च सुरू होतो. रात्री दोन-तीनपर्यंत बरीचशी शिल्लक संपलेली असते. त्यानंतरची झोप शरीराच्या घड्याळाच्या आधारावर टिकते. दुपारी दोन तास झोप काढली असेल, तर ती रक्कम आधीच उचललेली असते, हे ध्यानात घ्यावे.

२. गोळी काय करते आणि काय करत नाही

मेंदूची उत्तेजना शांत करणारे 'गाबा' नावाचे रसायन असते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. त्यामुळे गुंगी येते. परंतु प्रत्येक गोळीचा रक्तात टिकण्याचा काळ वेगळा असतो. रक्तातील औषध निम्मे होण्यास जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. झोल्पिडेमचे अर्धायुष्य सुमारे अडीच तास आहे. रात्री दहाला घेतलेल्या गोळीचा ढोबळ हिशेब असा, की साडेबाराच्या सुमारास निम्मी आणि पहाटे तीनच्या सुमारास पाव उरते. म्हणजे नेमकी झोप उथळ होते त्याच वेळी गोळीचा जोरही ओसरलेला असतो.

मग जास्त टिकणारी गोळी का घेऊ नये? अल्प्राझोलामचे अर्धायुष्य सुमारे ११ तास आहे. नायट्राझेपाम व क्लोनाझेपाम यांचे एक दिवस किंवा त्याहूनही अधिक आहे. या गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशीही उरते. वयस्कर माणसाचा रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. शिवाय रोज घेतल्यास शरीराला गोळीची सवय होते व तीच मात्रा हळूहळू अपुरी पडू लागते. या वर्गातील बऱ्याच गोळ्यांमुळे एकूण झोप वाढली तरी त्यातील गाढ झोपेचा वाटा कमी होतो. म्हणूनच "झोपलो खरा, पण ताजेतवाने वाटत नाही" असे लोक म्हणतात.

मध्यरात्रीची वाढीव गोळी तर विशेष घातक आहे. झोल्पिडेमसारखी गोळी, पुढे सात ते आठ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्यावी, अशी सूचना असते. पहाटे तीनला ती घेऊन साडेआठला स्कूटरवर बसणारा माणूस स्वतःचा व दुसऱ्याचाही जीव धोक्यात घालतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी झोल्पिडेमची शिफारस केलेली मात्रा निम्म्यावर आणली, कारण स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते. झोपेत चालणे किंवा वाहन चालवणे असे प्रकार घडल्यामुळे २०१९ मध्ये त्याच प्रशासनाने या गोळीवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. आपल्याकडेही अल्प्राझोलाम, झोल्पिडेम आदी औषधे 'एच-१' या परिशिष्टात आहेत. १ मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या या नियमानुसार ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत व औषध दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. शेजाऱ्याने दिलेली गोळी घेणे कसे अयोग्य आहे, हे यावरून कळेल.

३. झोप मोडणारी कारणे

गोळीचा परिणाम मेंदूवर होतो. पण झोप मोडणारे कारण अनेकदा शरीरात दुसरीकडेच असते. ते शोधल्याशिवाय गोळी वाढवणे म्हणजे छप्पर गळत असताना बादल्या वाढवत बसणे होय.

पहिले कारण घोरणे. झोपेत घसा बंद होऊन श्वास काही सेकंद अडतो, शरीर दचकून जागे होते व पुन्हा झोपते. असे रात्रभर चालते. रुग्णाला ते कळत नाही, घरच्यांना कळते. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे ही त्याची लक्षणे आहेत. यात काही झोपेच्या गोळ्या श्वास अधिक मंद करू शकतात. म्हणून घोरण्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

दुसरे कारण वारंवार लघवी. मधुमेह, पुरुषांमध्ये प्रोस्टेटची वाढ, तसेच रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी सायंकाळी घेणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. कित्येकदा गोळीची वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळी आणल्यावर प्रश्न सुटतो.

तिसरे कारण पायांतील अस्वस्थता. पडल्यावर पाय हलवावेसे वाटतात, मुंग्या येतात. शरीरातील लोह कमी असणे हे त्यामागचे एक कारण आहे आणि आपल्या भगिनींमध्ये लोहाची कमतरता फार आढळते. पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा निघून जाग येते, तेही वेगळे तपासावे.

चौथे कारण दारू. तिने डोळा लवकर लागतो, पण ती शरीरातून उतरू लागली की रात्रीचा उत्तरार्ध विस्कटतो. दारू व झोपेची गोळी एकत्र घेतल्यास श्वास मंदावून मृत्यूही येऊ शकतो. चहा-कॉफीतील कॅफीनचे अर्धायुष्यही सुमारे पाच तास असते. सायंकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरालाही अर्धा कामावर असतो.

पाचवे कारण मनाचे. रोज पहाटे फार लवकर जाग येणे, त्याच वेळी मन अत्यंत उदास असणे, कशातही गोडी न वाटणे, ही नैराश्याची खूण असू शकते. त्याला लाज वाटून न घेता उपचार घ्यावेत. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे.

४. मऊ बिछाना आणि शांत झोप

अंगुत्तर निकायातील हत्थक आळवकाचा प्रसंग अनेक सभासदांना ठाऊक असेल. हिवाळ्याचे दिवस, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन, वर पानांचा पातळ थर. अशा जागी बसलेल्या तथागतांना हत्थक विचारतो, की आपल्याला सुखाची झोप लागली काय? तथागत होय म्हणतात. मग ते त्यालाच उलट विचारतात, की उत्तम वाड्यात, मऊ बिछान्यावर निजणाऱ्या माणसाच्या मनात लोभ, द्वेष, मोह यांचा दाह असेल तर त्याला सुखाची झोप लागेल काय? हत्थकाला त्याचे उत्तर सहज देता येते.

रात्री दोनला जागा झालेला माणूस अंथरुणात काय करतो ते पाहिले म्हणजे या संवादाचा अर्थ कळतो. तो घड्याळ पाहतो, उरलेल्या तासांची वजाबाकी करतो आणि उद्याच्या कामाची धास्ती घेतो. मुलीचे लग्न, घराचा हप्ता, साहेबांचे बोलणे सारे त्याच वेळी आठवते. छातीची धडधड वाढते. असे महिनोन्महिने चालले की अंथरूण आणि जागरण यांची मेंदूत सांगड बसते. मूळ काळजी मिटली तरी जागरणाची सवय शिल्लक राहते. ही सांगड गोळीने सुटत नाही.

५. गोळीखेरीज उपचार

ही सांगड सोडवण्याची रीत शास्त्राने तयार केली आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी तिचीच शिफारस केली. तिचे मुख्य भाग असे:

(अ) नोंदवही. दोन आठवडे रोज सकाळी अंथरुणावर पडल्याची वेळ, अंदाजे झोप लागल्याची वेळ, मधल्या जागा, उठण्याची वेळ, तसेच चहा, दारू व गोळी यांची नोंद करावी. मात्र रात्री घड्याळ पाहू नये. ते भिंतीकडे फिरवून ठेवावे.

(आ) अंथरूण फक्त झोपेसाठी. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलेला हा नियम आहे. साधारण वीस मिनिटे झोप येत नाही असे वाटले तर उठावे, मंद उजेडात बसून काही शांत वाचावे व डोळे जड झाले की परत यावे. मोबाईल हाती घेऊ नये. सकाळी उठण्याची वेळ रविवारीही बदलू नये.

(इ) अंथरुणातील वेळ कमी करणे. आर्थर स्पीलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ही पद्धत मांडली. समजा, एक गृहस्थ रात्री १० ते सकाळी ६ असे ८ तास अंथरुणात असतात, पण झोप ५॥ तासच होते. साडेपाचला आठने भागून शंभरने गुणले की सुमारे ६९ टक्के येतात. म्हणजे बाकी ३१ टक्के वेळ तळमळण्यात जातो. त्यांनी काही दिवस रात्री १२॥ वाजता झोपावे व ६ वाजता उठावे. झोपेची भूक वाढते व तुकडे जोडले जातात. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांवर गेली की झोपण्याची वेळ १५ मिनिटे अलीकडे आणावी. ही वेळ ५ तासांपेक्षा कमी कधीही करू नये. फिट येणारे, टोकाच्या मनोवस्थांचा आजार असणारे, वाहन वा यंत्र चालवणारे यांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये.

सुरुवातीचे एक-दोन आठवडे दिवसा थकवा जाणवतो. त्यामुळे अनेक जण येथेच सोडून देतात. धीर धरल्यास काही आठवड्यांत फरक दिसू लागतो.

६. एक महत्त्वाची सूचना

हा लेख वाचून कोणीही आपली गोळी एकदम बंद करू नये. अनेक महिने घेतलेली गोळी अचानक थांबवल्यास झोप पूर्वीपेक्षा अधिक उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिटही येते. मात्रा आठवड्या-आठवड्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू उतरवावी लागते. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंदवही व चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी न्यावी. "झोप येत नाही" या तीन शब्दांपेक्षा ती वही डॉक्टरांना पुष्कळ अधिक सांगते.

गोळी ही आणीबाणीच्या काळातील थोड्या दिवसांची मदत आहे. तिच्यावर आयुष्यभराचा संसार चालत नाही. मध्यरात्री जाग आली तर आधी "का?" हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर दिवसा, डॉक्टरांसमोर बसून शोधावे. रात्री दोन वाजता, अंधारात, गोळीच्या पाकिटाकडे हात नेऊन ते सापडत नाही.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. रात्रीच्या उत्तरार्धात झोप सहज का मोडते, ते दोन शक्तींच्या आधारे सांगा.
२. अर्धायुष्य म्हणजे काय? सायंकाळी सहाला घेतलेल्या चहातील कॅफीन रात्री अकराला किती उरेल?
३. एक व्यक्ती ७॥ तास अंथरुणात असते व ६ तास झोपते. तिच्या झोपेची टक्केवारी काढा.
४. आपल्या घरात कोणी मोठ्याने घोरत असल्यास कोणत्या लक्षणांकडे लक्ष द्याल? यादी करून घरी वाचून दाखवा.