पाव सेकंद हरणाचा असतो

आमच्या छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो. रायपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर चंदखुरीला कौसल्येचं देऊळ आहे. हा मुलूख तिचं माहेर, म्हणून राम इथला भांचा, आणि म्हणून घरोघरचा प्रत्येक भाचा मानाचा. रायपूरच्या बूढापाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी लोकांच्या अंगीही ही रीत मुरली आहे. तेव्हा भाच्याने काही विचारलं की "बघू नंतर" म्हणून सुटता येत नाही.

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. लहानपणी सुट्टीत आजोळी आला की माझ्यामागे तिरंदाजीच्या मैदानावर यायचा.  अमेरिकेत गेल्यावर पोराच्या हातात पुन्हा धनुष्य आलं, पण या वेळी समोर कागदाची चकती नव्हती. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याने हरणाची शिकार कायदेशीर आहे, सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत हंगाम चालतो. पहिल्याच हंगामाआधी त्याचा फोन आला: "मामा, हरीण उभं राहतच नाही हो. चालत असताना सोडला बाण तर?"

सोडू नये. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आज ते जास्त ठाम आहे. ज्यांची मुलं-भाचे बाहेरदेशी हा छंद धरून आहेत त्यांच्यासाठी ते सविस्तर लिहितो.

आधी इथल्यांपुरतं. भारतात हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर शौकाच्या शिकारीची उरलीसुरली दारंही बंद झाली. कायद्यातली शिकारीची व्याख्या पुष्कळांना माहीत नसते. जनावर मारणं ही शिकार आहेच; त्याला जखमी करणं, हाकणं, फाशात अडकवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं हीदेखील शिकारच. म्हणजे बारनवापाऱ्याच्या जंगलात चितळावर सोडलेला बाण हुकला तरी गुन्हा पुरा झालेला असतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षांची कैद आहे. "मी तर फक्त नेम धरून पाहत होतो" ही सबब कोणी ऐकत नाही, ऐकूही नये.

आता तिकडचं. गोळी आणि बाण यांत फरक काय, हे आधी नीट कळायला हवं. गोळी धक्क्यानेही मारते. बाण फक्त कापतो. त्याच्या टोकाची धारदार पाती फुप्फुसातून किंवा काळजातून गेली तर रक्तस्रावाने जनावर थोड्याच सेकंदांत कोसळतं, फार तर शंभरेक मीटर पळून. तीच पाती दोन विती मागे, कोठ्यात किंवा आतड्यात शिरली तर ते कित्येक तास जिवंत राहतं. जनावर तेच, बाण तोच, ताकद तीच. अंतर दोन वितींचं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं मर्मस्थान, पुढच्या फऱ्यामागचं, साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरचं. एका ताटलीएवढं म्हणा.

मैदानावर आमची पोरं ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या चकतीचा मधला पिवळा भाग सहज टिपतात. त्यामुळे पंचवीस मीटरवरचं हरीण म्हणजे घरचीच गोष्ट, असं त्यांना वाटतं. पण चकतीला कान नसतात आणि पायही नसतात.

चांगल्या कंपाउंड, म्हणजे चाकांच्या, धनुष्याचा बाण सेकंदाला ८० मीटरच्या आसपास जातो. पंचवीस मीटर कापायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागतात. हरीण निवांत चालत असेल, सेकंदाला सव्वा मीटर म्हणू, तर तेवढ्या वेळात ते चाळीसेक सेंटिमीटर पुढे सरकतं. फऱ्यामागे धरलेला नेम कोठ्यावर पोचला, झालं. यात अजून माणसाचा उशीर धरलेला नाही. "सोड" असं मनात येणं आणि बोटांनी सोडणं यांत सुमारे ०.२ सेकंद जातात, त्याचे आणखी वीस-पंचवीस सेंटिमीटर. साध्या, चाकं नसलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला पन्नासेक मीटरच जातो, तिथे नुसत्या उड्डाणाचा वेळच अर्धा सेकंद. दुडक्या चालीचं हरीण असेल तर बाण त्याच्या मागून मातीत जाईल, आणि तेच बरं. उधळलेल्या हरणाबद्दल मी लिहीतही नाही. ते बाणाच्या उड्डाणात चार मीटर पुढे गेलेलं असतं.

"मग थोडं पुढे धरून सोडायचा," असं पोरं लगेच म्हणतात. किती पुढे? हरीण त्याच चालीने चालत राहिलं तरच तो हिशेब खरा. ते पानं खायला मान वळवतं, माशी बसली म्हणून थबकतं, वाऱ्यात काही आलं म्हणून पाऊल उचलून तसंच धरतं. आणि दोरीचा आवाज! आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. पंचवीस मीटरवरच्या कानात तो ०.०७ सेकंदात शिरतो. बाण पोचायला अजून पाव सेकंद बाकी असतो. एवढ्यात हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली बसतं आणि पाठ वीतभर खाली येते. तिकडचे शिकारी याला दोरीवर उडी मारणं म्हणतात. तो पाव सेकंद हरणाचा असतो, धनुर्धराचा नव्हे. उभ्या हरणाच्या बाबतीतही तो असतोच, म्हणून तर अंतर कमी ठेवायचं. चालत्या हरणात एकावर दुसरी अनिश्चितता चढते.

मी तिकडे गेलो होतो तेव्हा भाच्याच्या शेजारच्या मचाणावर बसलो होतो. हातात काही नाही, नुसती दुर्बीण. ऑक्टोबर होता आणि पानं पडायला लागली होती. एक मादी पायवाटेने आली, अंतर पंचवीस मीटरच्या आत. भाचा चांगला धनुर्धर आहे, हे मी मामा म्हणून बोलत नाही. पण ती थांबेना. शिकारी अशा वेळी तोंडाने पाडसासारखा बारीक आवाज काढून हरणाला क्षणभर थांबवतात. त्याने तोही काढला नाही, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे चाल अगदी संथ होती. बाण गेला. हरणाने पाठीची कमान केली, जरा पळालं आणि मग पाठ तशीच वाकवून हळूहळू झाडीत शिरलं. मला दुर्बिणीतून जागा दिसली होती, पण मी गप्प राहिलो. बाण त्यालाच शोधायचा होता.

सापडलेल्या बाणावर रक्त कमी आणि हिरवट-तपकिरी चिकटा जास्त होता, वासही कोठ्याचा. इथे एक गोष्ट नवशिक्यांनी पाठ करून ठेवावी. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. अर्ध्या तासाने माग काढा. काळसर रक्त म्हणजे बहुधा यकृत. तीन-चार तास थांबा. हिरवं, दुर्गंधी असेल तर सहा ते बारा तास त्या झाडीकडे फिरकूही नका. हे सगळ्यात कठीण आहे, कारण मन म्हणतं धावत जा आणि त्याचं दुःख संपव. धावत गेलात की ते उठतं, आणखी मैलभर जातं, रक्त थांबतं, माग हरवतो आणि मग ते कुठे मेलं हे तुम्हाला कधीच कळत नाही. त्या रात्री आम्ही घरी परतलो. बहिणीने वरण-भात वाढला, भाचा जेवला नाही. सकाळी नाल्याकाठी हरीण सापडलं. पोटाला लागलेलं जनावर बरेचदा पाण्याकडे जातं. रात्री कायोटींनी मागचा भाग खाल्ला होता आणि उरलेलं मांस नासलं होतं. तरीही त्याने परवान्यातलं हरीण म्हणून तेच नोंदवलं. त्याच्याबद्दलचा माझा आदर तिथे वाढला. न नोंदवता दुसऱ्या हरणाची वाट बघणारे असतात.

आपल्याकडच्या गोष्टी आठवून पाहा. दशरथाचा शब्दवेधी बाण आवाजावर सुटला आणि श्रावणाला लागला. पंडूने हरणांच्या जोडीवर सोडलेला बाण ऋषीला लागला आणि शाप होऊन परतला. जराने हरीण समजून सोडलेला बाण कृष्णाच्या पावलात रुतला. मारीचामागे धावलेल्या रामाचा बाण तेवढा बरोबर लागला, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं. धनुर्विद्येचं एवढं कौतुक करणाऱ्या परंपरेने शिकारीच्या बाणाबद्दल मात्र सतत कान उपटले आहेत. यावर कोणी हटकून अर्जुनाचा फिरता मासा काढतो. तो मासा यंत्रावर होता, बाबा. ठरलेल्या चालीने फिरणाऱ्या यंत्राचा अंदाज बांधता येतो. त्याला भीती वाटत नाही आणि नेम चुकला तर रात्रभर कण्हायचंही नसतं.

बस्तरचं उदाहरणही मला ऐकवलं जातं. तिथल्या गोंड-मुरिया गावांत चैताच्या सुमाराला सामूहिक पारध होत असे. हाका घालायचा, जनावर उठवायचं आणि वाटेवर बसलेल्यांनी तिरकामठ्याने टिपायचं. ते जनावर चालतं नव्हे, पळतंच असे. पण त्या पद्धतीत एकट्याचा बाण नव्हता. अंतर अगदी कमी, पाठोपाठ दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा बाण, मागे कुत्रे, आणि दिवसभर माग सोडणार नाहीत अशी गावची सगळी माणसं. जखमी जनावर गमावायचं नाही याची व्यवस्था आधी असे, बाण नंतर. शिवाय ते पोटासाठी होतं. शनिवार-रविवारच्या रजेत एकटा मचाणावर बसलेला संगणक अभियंता त्या परंपरेचं नाव घेऊ शकत नाही. गंमत म्हणजे आमच्याकडचे वन्यजीव पशुवैद्यसुद्धा बिबट्याला बेशुद्धीचं इंजेक्शन मारताना तो स्थिर होण्याची वाट पाहतात, आणि त्यांच्या सुईला तर मारायचंही नसतं.

नुसतं सांगून कोणी ऐकत नाही हे मला मैदानावर कळून चुकलंय. म्हणून पोरांना मी टायर देतो. जुन्या स्कूटरच्या टायरमध्ये जाड थर्माकोल बसवायचा, त्यावर ताटलीएवढं वर्तुळ काढायचं आणि मागे मातीचा उंच बांध असलेल्या मोकळ्या जागी एकाने तो उतारावरून सोडायचा. सोडणारा बाजूला, आडोशाला. ही बाब थट्टेवारी नेऊ नका. पंचवीस मीटरवरून मारा. सपाट उतारावर थोड्या सरावाने बरेच बाण वर्तुळात बसू लागतात आणि पोरं फुशारतात. मग उतारावर विटांचे तुकडे पसरतो. टायर उसळतो, कलतो, मध्येच मंदावतो. आता बाण कुठे लागतात ते स्वतः मोजा. वर्तुळाबाहेर पण टायरच्या आत लागलेला प्रत्येक बाण म्हणजे नाल्याकाठचं ते हरीण. टायरला बाण पूर्ण हुकला तर हरकत नाही. भीती या मधल्या बाणांचीच आहे.

अनुभवी लोक एक युक्तिवाद करतात, तो मला साफ खोडता येत नाही. दहा-बारा मीटरवर, अगदी आडवं, पाऊल पाऊल चालणारं हरीण असेल तर सरकण्याचं अंतर वीतभरावर येतं आणि ते मर्मस्थानातच मावतं. गणित बरोबर आहे. पण दहा मीटरवर आलेलं संथ हरीण त्या बारीक आवाजाने थांबतंही. मग थांबवा ना! थांबल्यावर ते सावध झालेलं असतं हे खरं, पण एवढ्या अंतरावर पाव सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा त्याच्या वाट्याला येत नाही असं म्हणायला मी तयार नाही; एवढंच म्हणतो की दोन अनिश्चिततांपैकी एक तरी गेली. आणि थांबलं नाही, तर जाऊ द्या. एकाच बाबतीत मी चालत्या जनावरावर बाण सोडायला सांगेन: पहिला बाण आधीच लागला आहे आणि ते जखमी होऊन नजरेसमोरून जातंय. तेव्हा दुसरा बाण, जमेल तसा, लगेच. तिथे वाट बघण्यात दया नाही.

आता भाच्याला सप्टेंबरात कोलोरॅडोला एल्क नावाच्या हरणामागे जायचंय. त्याचं म्हणणं, एल्क केवढा तरी मोठा, मर्मस्थानही मोठं, तेव्हा चालता चालेल का. मी त्याला एल्कचं पाऊल केवढं असतं ते मोजायला सांगितलं आहे. मोठं जनावर लांब टांगा टाकतं, त्याची कातडी आणि हाडं जाड, आणि मार चुकला तर ते डोंगर ओलांडून जातं. त्यातून तिथे त्याच्यासोबत मागावर यायला कोणी नसेल. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, पण गॅरेजमागच्या उतारावर टायर आणून ठेवलाय असं बहीण सांगत होती.