कपडे वाळविण्याचें यंत्र तापतें तेव्हां

सिन्नरास ऊन मुबलक. तालुक्याचा पूर्वभाग तर पर्जन्यछायेंतीलच. तरीहि श्रावणझडींत कपडे वाळेनासे होतात, म्हणून कांहीं घरीं विजेचें वाळवणयंत्र आलें आहे. तें हात लावूं न देण्याइतकें तापूं लागलें तर काय पाहावें?

प्रथम बटण बंद करून प्लग काढावा व यंत्र निवूं द्यावें. आंत तारेचें वेटोळें हवा तापवितें आणि पंखा ती हवा कपड्यांतून पुढें ढकलतो. जाळी कपड्यांच्या बारीक तंतूंनीं भरली, किंवा हवा बाहेर नेणारी नळी दुमडली, म्हणजे उष्णता निर्माण होतेच, पण वाहून जात नाहीं. बहुधा दोष येथेंच सांपडतो. दर खेपेस जाळी साफ करावी; हे तंतु फार लवकर पेट घेतात.

यंत्राऐवजीं प्लगच तापत असेल तर कारण निराळें. २००० वॅटचें यंत्र २३० व्होल्टांवर सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह ओढतें. ६ अँपिअरचें सॉकेट त्यास पुरत नाहीं, १६ अँपिअरचें हवें. १८४१ सालीं जूलनें मांडलेल्या नियमाप्रमाणें, रोध तोच राहून प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. सैल जोडांत तर रोधहि वाढलेला असतो. (मुलांनो, वर्गांतील सूत्र असें घरांत भेटतें!)

अतितापानें आंतील फ्यूज तुटला असतां तेथें साधी तार जोडून यंत्र चालविणारे शहाणे आम्हीं पाहिले आहेत. पालकांनीं हें मुळींच होऊं देऊं नये. जाणत्या कारागिराकडून तापनियंत्रक तपासून घ्यावा, आणि तो येईपर्यंत कपडे पडवींतील दोरीवरच घालावे.