मातीविना लागवड : बादलीसाठी एअर पंप कसा निवडावा?

मातीविना लागवड हा विषय आता कृषी महाविद्यालयांच्या आवारापुरता राहिलेला नाही. वीस लिटरची झाकणाची बादली, झाकणाला पाडलेले भोक, त्यात बसविलेली जाळीदार कुंडी, कुंडीतून खाली खतमिश्रित पाण्यात उतरलेली मुळे आणि त्या पाण्यात हवा सोडणारा लहानसा पंप, एवढ्या साहित्यावर टोमॅटो, मिरची किंवा पालक घेता येतो. शाळेच्या गच्चीवर अथवा कार्यालयाच्या अंगणात असा प्रयोग करावयाचा ठरला, की चर्चा बहुधा खताच्या मिश्रणाची होते. पंपाचा विचार दुकानात गेल्यावर, आणि तोही किमतीपुरताच केला जातो. प्रत्यक्षात रोप जगते की मरते हे पुष्कळदा पंपावरच ठरते.

प्रस्तुत लेखकाने पाहिलेले एक उदाहरण येथे देणे उपयुक्त होईल. एका माध्यमिक शाळेत गच्चीवर आठ बादल्यांत टोमॅटो लावले होते. तीन दरपत्रके मागवून, खोक्यावर ‘दर मिनिटास २० लिटर’ असे छापलेला आठ तोंडांचा पंप सर्वांत कमी दराने घेण्यात आला. आठ बादल्यांना २० लिटर, म्हणजे प्रत्येकी अडीच लिटर हवा, असा सरळ हिशेब होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपे उत्तम वाढली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र शेवटच्या तीन बादल्यांतील रोपे भर पाण्यात असूनही माना टाकू लागली. खत कमी पडत असावे या समजुतीने शिक्षकांनी आणखी खत घातले आणि रोपे अधिकच खालावली. झाकण उचलून पाहिले, तेव्हा मुळे तपकिरी व बुळबुळीत झाली होती आणि पाण्याला कुजका वास येत होता.

पाण्यात उभे असलेले रोप तहानेने कोमेजावे, हे ऐकावयास विचित्र वाटते; पण कारण साधे आहे. मुळांना पाणी शोषून घेण्यासाठी ऊर्जा लागते व ती श्वसनातून मिळते. श्वसनाला प्राणवायू हवा. चांगल्या जमिनीत मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून तो मिळतो. बादलीत तो पाण्यात विरघळलेलाच असावा लागतो. तो संपला की मुळे प्रथम पाणी ओढेनाशी होतात आणि मग कुजतात. पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या वावरात उभे पीक पिवळे पडते, त्यातलाच हा प्रकार आहे.

ही गोष्ट या शास्त्रात जुनीच आहे. वनस्पतींना कोणते क्षार लागतात हे जर्मनीत सॅक्स आणि नॉप यांनी १८६० च्या सुमारास पाण्यात रोपे वाढवूनच दाखविले. पुढे १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिके यांनी हीच रीत मोठ्या टाक्यांत नेली. त्यांच्या टाकीत पाण्यावर तारेच्या जाळीचा वाफा असे व दोहोंमध्ये हवेची पोकळी राही. त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या पत्रकात पाण्यात हवा खेळविण्याच्या गरजेकडे लक्ष वेधले आहे. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास बंगालमध्ये जी पद्धत रूढ केली, तिच्यात खडी-वाळूचे वाफे असल्यामुळे मुळांना हवा आपोआप मिळे. पंपाची जरूर नव्हती. खोल पाण्याच्या बादलीत ती सोय नाही.

एप्रिलमध्येच रोपे का बिघडली, याचे उत्तर तपमानात आहे. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सियस तपमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. २५ अंशांना हे प्रमाण ८.३, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना ६.९ च्या आसपास येते. दुसऱ्या बाजूने, तपमान दहा अंशांनी वाढले की मुळांचे श्वसन साधारण दुपटीवर जाते. म्हणजे उन्हाळ्यात आवक घटते त्याच वेळी मागणी वाढते. शिवाय कोमट व प्राणवायूहीन पाण्यात मूळकूज करणारी पायथियम ही बुरशी झपाट्याने फोफावते. म्हणून पंपाची निवड हिवाळ्यातील नव्हे, तर मे महिन्यातील बादली डोळ्यांसमोर ठेवून करावी.

आता किती हवा लागते ते पाहू. दर चार लिटर पाण्यामागे मिनिटाला अर्धा ते एक लिटर हवा, हा अनुभवावरून ठरलेला ठोकताळा आहे. वीस लिटरच्या बादलीत प्रत्यक्ष पाणी पंधरा लिटरच्या आसपास असते. तिला दोन ते चार लिटर हवा पुरे. उन्हाळ्यात फळे धरणाऱ्या टोमॅटोसाठी वरचा आकडा धरावा, पालकासाठी खालचा चालेल. बुडबुड्यांतील प्राणवायूचा अगदी थोडा अंश पाण्यात उतरतो. बाकीची हवा पृष्ठभागावर येऊन निघून जाते. तरीही ती वाया जात नाही, कारण वर येताना ती तळचे पाणी वर आणते आणि पृष्ठभाग ढवळते. पाणी बरेचसे तेथेच श्वास घेते, असे म्हटले तरी चालेल.

या हिशेबाने त्या शाळेच्या आठ बादल्यांना १६ ते ३२ लिटर हवा हवी होती. २० लिटरचा पंप त्यात बसत होता. मग चुकले कोठे?

खोक्यावरचा आकडा पंपाचे तोंड मोकळ्या हवेत उघडे असतानाचा असतो. नळी पाण्यात बुडवली की पंपाला पाण्याचा दाब सारून हवा ढकलावी लागते. दहा मीटर पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका. त्या प्रमाणात ३० सेंटीमीटर खोलीला वातावरणाच्या ३ टक्के दाब होतो. तो फारसा वाटत नाही. पण लहान पंपाची सारी ताकदच थोडी असते. त्यात एअर स्टोनच्या बारीक छिद्रांचा अडथळा मिळतो आणि खताचे क्षार साचले की तो महिन्यागणिक वाढतो. दाब वाढेल तसतशी हवा कमी होत जाते व एका मर्यादेला पूर्ण थांबते. आणखी असे, की हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. आठ नळ्यांपैकी जी आखूड, जिचा दगड वर टांगलेला किंवा स्वच्छ, तिच्यातून ती भरपूर निघते आणि लांबच्या बादल्या उपाशी राहतात.

हे ताडून पाहण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. एक लिटरची बाटली पाण्याने भरून तिच्या तोंडाला नरसाळे लावावे, ती बादलीतील पाण्यात उलटी धरावी आणि तळाशी ठेवलेल्या एअर स्टोनचे बुडबुडे नरसाळ्यात गोळा होऊ द्यावेत. बाटलीतील पाणी हवेने बाहेर ढकलले जाण्यास किती सेकंद लागले ते मोजावे. साठला त्या सेकंदांनी भागले, की मिनिटाला किती लिटर हवा मिळते ते कळते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग सहज करता येतो व त्यांना तो आवडतो. त्या शाळेत आम्ही तो केला, तेव्हा पहिल्या बादलीत बाटली पंचवीस सेकंदांत भरली. शेवटच्या बादलीत दोन मिनिटे उलटून गेली तरी भरली नव्हती. आठही बादल्यांची हवा मिळून दहा लिटरही होत नव्हती.

यावरून खरेदीचा नियम निघतो. दरपत्रक मागविताना केवळ ‘२० लिटरचा पंप’ असे लिहू नये. ‘३० सेंटीमीटर खोल पाण्यात, एअर स्टोन जोडलेले असताना, सर्व तोंडांतून मिळून दर मिनिटास अमुक लिटर’ असे लिहावे आणि माल ताब्यात घेण्यापूर्वी बाटलीची चाचणी करावी. चाचणीची अट नसेल, तर छापील लिटरमागे सर्वांत स्वस्त पंपच निवडला जाणार, आणि लेखापरीक्षणात त्यावर कोणी आक्षेपही घेणार नाही! अट घालणे शक्यच नसेल, तर छापील आकडा गरजेच्या दुप्पट धरावा.

बाजारात प्रामुख्याने दोन जातींचे पंप मिळतात. माशांच्या टाकीसाठी विकला जाणारा पंप रबरी पडद्याचा असतो. विद्युतचुंबक सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या प्रवाहावर एक दांडी हलवितो आणि ती रबरी पडदा दाबते. हा पंप स्वस्त आहे, वीज तीन ते पाच वॅट घेतो आणि एक-दोन बादल्यांना पुरतो. रबर मात्र उष्णतेने कडक होऊन चिरते. म्हणून सुटा पडदा मिळतो की नाही ते खरेदीच्या वेळीच विचारावे. दुसरी जात दट्ट्याच्या पंपाची. तो आठ-दहा किंवा अधिक बादल्यांना चालतो, दाब सहन करतो, वीज साधारणतः वीस ते चाळीस वॅट घेतो आणि गुरगुर बरीच करतो. ३५ वॅटचा पंप अहोरात्र चालला तर महिन्याला सुमारे २५ युनिट वीज जळते. अंदाजपत्रकात ही रक्कम विसरली जाते. पडद्याच्या पंपाची हवा विजेचा दाब उतरला की घटते, म्हणून चाचणी संध्याकाळी, दिवे लागल्यावरही एकदा करावी. माझ्या मते आठ बादल्यांसाठी एका मोठ्या पंपापेक्षा चार-चार बादल्यांचे दोन पंप बरे. एक बंद पडला तर निम्मी रोपे तरी वाचतात, आणि नळ्या हलवून उरलेल्यांनाही दिवस निभावून नेता येतो.

पंप सावलीत, भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच टांगावा. खाली ठेवल्यास वीज जाताच नळीतून पाणी उलटे वाहून पंपात व विजेच्या तारेपर्यंत पोहोचते. उंच जागा नसेल तर प्रत्येक नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. विजेची तार प्लगपाशी येण्यापूर्वी खाली झोका घेईल अशी सोडावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरणार नाही. लहान मुले वावरतात तेथे ई.एल.सी.बी. आणि अर्थिंग यांत काटकसर नको. तापलेल्या पत्र्याखाली ठेवलेला पंप गरम हवा ओढून तीच पाण्यात सोडतो, हेही ध्यानात असावे. बादलीला बाहेरून पांढरा रंग अथवा ओले गोणपाट हे उन्हाळ्यात मोठ्या पंपाइतकेच काम करते.

येथे एक प्रश्न विचारणे रास्त ठरेल : पंप हवाच का? हवाई विद्यापीठातील क्रॅट्की यांनी रूढ केलेल्या पद्धतीत पंप नसतो. पाणी एकदाच भरतात. रोप ते पिते तशी पातळी उतरते आणि वर उघड्या पडलेल्या मुळांना दमट हवा मिळते. उतरलेले पाणी पुन्हा काठोकाठ भरावयाचे नाही, एवढे पथ्य पाळले की लेट्यूस, पालक यांसारखी अल्पमुदतीची पालेभाजी बिनविजेची निघते. ज्या गावी वीज तासन्‌तास जाते, तेथे नवशिक्याने याच रीतीने सुरुवात करावी. टोमॅटो, काकडी यांचा पसारा व मुदत मोठी. त्यांना पंप लागतोच.

पंप ठेवला तर वीज गेल्यावर काय, याची तजवीज त्याच दिवशी व्हावयास हवी. भर उन्हाळ्यात मोठे झाड असलेल्या बादलीतील प्राणवायू काही तासांत संपतो. बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची लहान बॅटरी निम्मीच वापरावयाची असे धरले, तरी तीन वॅटचा बॅटरीवरील पंप ती बारा-तेरा तास चालविते. तेही नसेल तर बादलीतील पाणी चार बोटे कमी करावे, म्हणजे वरची मुळे हवेत येतील, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने मगाने पाणी उचलून उंचावरून परत ओतावे.

शाळा-कार्यालयांतील धोका मात्र वीज मंडळाकडून येतो त्याहून अधिक आतूनच येतो. शनिवारी दुपारी शिपाई इमारतीचा मुख्य स्विच बंद करून कुलूप लावतात व तो सोमवारी सकाळी उघडतो. पंपाची जोडणी त्या स्विचच्या अलीकडून, स्वतंत्र फ्यूजवर घ्यावी, त्यावर ‘बंद करू नये’ अशी पाटी लावावी आणि ही गोष्ट शिपायांना प्रत्यक्ष बादलीपाशी नेऊन, झाकण उचलून समजावून सांगावी.