घरच्या विहिरीची देखरेख

नाशिकच्या मळ्यांत व जुन्या वाड्यांत अद्यापि विहिरी आहेत. परंतु घरीं नळ आला कीं त्यांची आठवण उन्हाळ्यांतच होते. येथील भूमि काळ्या पाषाणाची. पाणी मुरुमांतून व खडकाच्या भेगांतून विहिरींत उतरतें, आणि भेगेंतून आलेलें पाणी वाळूंतल्यासारखें गाळलें जात नाहीं. म्हणून निर्मळ दिसणारें पाणी निर्दोष मानूं नये. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचें पाणी लोक आवडीनें पीत. १८५४ सालीं पटकी त्याच पाण्यानें पसरली, असें डॉक्टर जॉन स्नो यांनीं दाखविलें.

यास्तव आमच्या मतें तपासणीचा आरंभ कांठापासून व्हावा. कठड्यास चीर पडली आहे काय, ओट्याजवळ सांडपाणी तुंबतें काय, हें पाहावें. शौचकूप ५० फुटांच्या आंत नसावा.

वैशाखांत गाळ काढतांना विद्यार्थ्यांनीं दूर राहावें. खोल विहिरींत दूषित हवा सांचते. सोडलेला कंदील विझला तर उतरूं नयेच. पण तो न विझतांहि कांहीं वायु प्राणघातक असतात. आंतील मनुष्य मूर्च्छित पडल्यास त्याच्यामागें धांवून उतरणें म्हणजे दुसरा प्राण गमावणें होय. त्यास वरूनच ओढतां यावें, याकरितां दोर आधींच बांधलेला असावा.

पहिल्या पावसानंतर ब्लीचिंग पावडर घालावी, १००० लिटरांस सुमारें २.५ ग्रॅम. विहिरीचा व्यास ३ मीटर व पाण्याची खोली २ मीटर असेल, तर पाणी सुमारें १४,००० लिटर भरतें. त्यास पावडर ३५ ग्रॅम. ती बादलींत कालवून निवळूं द्यावी. खालचा चुना टाकून वरचें पाणीच विहिरींत सोडावें. हें रात्रीं केलें म्हणजे सकाळीं पोहरा सोडण्यास हरकत नाहीं.