गिऱ्हाईक नियमावर चिडत नाही, वशिल्यावर चिडतं

आष्टीच्या बॅचमध्ये (आपली परतूर तालुक्यातली आष्टी, बीडवाली नव्हे) एक प्रश्न हमखास येतो: "सर, गिऱ्हाईक एवढ्याशा गोष्टीवरून एवढं का भडकतं?" व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर सांगतो. उदाहरणं राजकारणातली घेतोय, पण पक्ष बाजूला ठेवून वाचा. एकाच पक्षाला धरलेलं नाही.

फेब्रुवारी २०२१ आठवा. रुग्ण पुन्हा वाढायला लागले होते. २१ तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याशी बोलताना राजकीय, सामाजिक, धार्मिक गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी सांगितली आणि 'मी जबाबदार' ही मोहीम जाहीर केली. दोनच दिवसांनी, २३ तारखेला, त्यांच्याच मंत्रिमंडळातले वनमंत्री संजय राठोड वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला गेले. एका वेगळ्या प्रकरणात त्यांच्यावर आरोप होत होते, ते त्यांनी फेटाळले होते. बऱ्याच दिवसांनी ते लोकांसमोर येत होते, त्यामुळे समर्थक हजारोंनी जमले. गर्दीबद्दल गुन्हे दाखल झाले. २८ फेब्रुवारीला राठोडांनी राजीनामा दिला. इथे घोळ करू नका. राजीनाम्यामागे मुख्य कारण ते आरोप होते, नुसती गर्दी नव्हे. पण 'मी जबाबदार' म्हणणाऱ्या सरकारला त्या गर्दीने तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

मुख्यमंत्री बोलले त्याच दिवशी पुण्यात भाजपचे नेते धनंजय महाडिक यांच्या मुलाचं लग्न होतं. तिथेही गर्दीचा गुन्हा नोंदवला गेला, आणि हे लॉन-मंडपवाल्यांनी खास लक्षात ठेवा, तो लॉन चालवणाऱ्यांवरही नोंदवला गेला. पार्टी कितीही मोठी असो, जागा तुमची असेल तर कागदावर तुमचंही नाव येतं.

आता रागाचा हिशोब मांडू. लोक गर्दीचा आकडा बघून चिडत नाहीत. नियम पाळायला स्वतःच्या खिशातून किती गेलं, त्यावर राग ठरतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किराणा दुकानाला सकाळी ७ ते ११ एवढीच वेळ उरली. लग्नाला २५ माणसं, दोन तास, आणि नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड. मंडपवाले, बँडवाले, आचारी, फोटोग्राफर, सगळ्यांचा सीझन गेला. कुणाला स्वतःच्या माणसाच्या मातीलाही जाता आलं नाही. ज्याने एवढं सोसलं, त्याला पुढाऱ्याचा हार-तुऱ्यांचा फोटो दिसला की काय वाटत असेल?

इंग्लंडमध्येही हेच झालं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कार्यालयात लॉकडाऊनमध्ये पार्ट्या झाल्याचं २०२१ च्या शेवटी बाहेर आलं. आधी ते म्हणाले, सगळे नियम पाळले. मग म्हणाले, मला ते कामाचंच वाटलं. एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी त्यांनाच दंड केला. दंड किती? ५० पौंड! रक्कम चिल्लर, पण दर वेळी बदललेलं उत्तर महागात पडलं.

आपल्याकडे १९ जून २०२१ ला पुण्यात राष्ट्रवादीच्या कार्यालयाचं उद्घाटन अजित पवारांच्या हस्ते झालं, तुडुंब गर्दीत. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि त्यांच्याच पक्षाच्या शहराध्यक्षावर गुन्हा दाखल झाला. लवकर चूक मानली हे बरं केलं. तरी माझं मत विचाराल तर गर्दी दिसल्यावर उद्घाटन न करता गाडी वळवायला हवी होती. दिलगिरी ही उधारी असते, रोख म्हणजे परत फिरणं.

दुसऱ्यांचं बोललो, आता माझं. माझ्या एका बॅचचा नियम होता, दहाला दार बंद. पापड-शेवयांचा धंदा करणारी एक ताई दहा वाजून दहा मिनिटांनी आली. जीप उशिरा भरली होती. मी शिस्तीच्या तोऱ्यात तिला परत पाठवलं. पावणेअकराला गावातल्या एका वजनदार माणसाचा भाचा आला. त्याला मी पहिल्या रांगेत बसवलं. पुढच्या आठवड्यात ती आली नाही, तिच्यासोबतच्या दोघीही आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाली, "सर, मला घड्याळ दाखवलं अन् त्याला खुर्ची दिली."

माझ्याकडे कारणं तयार होती. त्या माणसानेच हॉल फुकट दिला होता वगैरे. पण तिचं जीपचं भाडं गेलं, दिवसाचं काम बुडालं, तिथे माझ्या हॉलचं तिला काय? मी म्हणालो, "ताई, चुकलं माझं." फी परत केली आणि पुढच्या वर्गात सगळ्यांसमोर, त्या भाच्यासमोरही, काय झालं ते सांगितलं. तिघींपैकी दोघी परत आल्या. ती ताई नाही आली.

तेव्हापासून नियम लावतानाच त्याच पाटीवर अपवादही लिहितो. "दहाला दार बंद. गाडी चुकली तर फोन करा, पंधरा मिनिटं थांबू. सगळ्यांसाठी." तुमच्या दुकानात 'उधारी बंद' लिहिलंय ना? मग दवाखान्यासाठी उधारी देणार असाल तर तेही लिहा. मेहुण्याला देणार असाल, तर पाटीच काढा. 'पार्सल नाही', 'विकलेला माल परत नाही', 'रांगेत या' या पाट्यांचंही असंच आहे. रांगेतल्या चौघांच्या डोक्यावरून सरपंचाच्या पोराला आधी सामान दिलं, की ते चौघं तोंडावर काही बोलत नाहीत. पलीकडच्या दुकानात जातात.

गृहपाठ: आज रात्री गल्ला मोजून झाला की वहीच्या मागच्या पानावर तुमच्या दुकानाचे नियम लिहा. प्रत्येकापुढे, गेल्या महिनाभरात तो कुणासाठी मोडला त्याचं नाव लिहा. आणि त्या वेळी दुकानात दुसरं कोण उभं होतं, तेही आठवून लिहा.